मशीन नाही, शेकर नाही, तरी घरच्या घरी कॉफी कॉकटेल

कॉफी कॉकटेल करायचं ठरलं की लोक आधी एस्प्रेसो मशीनच्या किमती बघतात, मग शेकर-जिगर-स्ट्रेनरचा तो चकाचक स्टीलचा सेट कार्टमध्ये टाकतात, आणि एकूण आकडा बघून गपचूप रम-कोकवर येतात. एवढं काही लागत नाही हो. बारमधली मशीन कॉकटेलसाठी एकच काम करते, थोड्याशा पाण्यात भरपूर कॉफी उतरवते, आणि ते काम मद्रासी स्टीलचा फिल्टर करतो, रात्रभर भिजवलेली पावडर करते, अगदी इन्स्टंटचे दोन चमचेही करतात. शेकर म्हणजे घट्ट झाकणाचं भांडं, जिगर म्हणजे छोटं माप, स्ट्रेनर म्हणजे चहाची गाळणी, संपलं. घरचं ड्रिंक बिघडतं ते बहुतेक वेळा कॉफी पातळ असते म्हणून नाहीतर गरम असते म्हणून, सामान नसतं म्हणून नाही. त्यामुळे खाली कॉफीवरच जास्त लिहिलंय, ते वगळून डायरेक्ट रेसिपीवर उडी मारू नका.

(महाराष्ट्रात रम-व्होडकासारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षं आहे आणि परवाना नावाची गोष्टही असते, वाईन शॉपवाला ५ रुपयांचा एक दिवसाचा परवाना फाडतो तो हाच. गोव्यातल्या मंडळींनी हा कंस वाचायची गरज नाही.)

आधी भांडी

माप हवंच, अंदाजपंचे ओतायचं नाही. पेग मेजर असेल तर ३० आणि ६० एमएल झालंच, नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जो छोटा प्लास्टिकचा कप येतो तो शोधा, त्यावर ५, १०, १५ च्या रेघा असतात आणि कॉकटेलला तेवढंच बारीक माप लागतं. तोही नसेल तर मापाचा टीस्पून ५ एमएल, टेबलस्पून १५ एमएल. जेवणाचा चमचा मापाला धरू नका, प्रत्येक घरी वेगळा असतो.

हलवायला काचेची रुंद तोंडाची बरणी, अर्धा-पाऊण लिटरची, फिरकीचं पत्र्याचं झाकण असलेली. मधाची किंवा मेयोनीजची चालते. लोणच्याची नको, कितीही घासा, हिंग-मोहरीचा वास झाकणाच्या आतल्या रबरात बसलेला असतो आणि थंड व्होडकात तो बरोबर वर येतो. इन्स्टंट कॉफीची बरणी दिसायला छान पण बऱ्याच बरण्यांचं झाकण नुसतं दाबून बसणारं असतं, हलवताना भिंतीवर नक्षी होईल. माझं मत विचाराल तर सगळ्यात भारी म्हणजे स्टीलची रुंद तोंडाची पाण्याची बाटली किंवा थर्मास, फुटायची भीती नाही आणि थर्मास असेल तर हाताची गरमीही आत जात नाही. आधी नुसतं पाणी भरून सिंकवर उलटी हलवून बघा, गळत नसेल तर पास.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, गरम कॉफी बंद बरणीत घालून कधीही हलवायची नाही. आतल्या वाफेने झाकण उडतं, आणि गरम काचेत बर्फ पडला तर बरणीच तडकते.

कॉफी: तीन रस्ते

पहिला रस्ता फिल्टरचा. वरच्या भांड्यात तीन गच्च टेबलस्पून पावडर, ती दांडीवाल्या चकतीने हलकेच दाबायची (जोरात दाबली तर पाणी खाली उतरतच नाही, सकाळपर्यंत बघत बसा), चकती वरच ठेवायची आणि उकळतं पाणी साधारण १२०-१५० एमएल, हळूहळू, गोल फिरवत. झाकण लावून वीस मिनिटं विसरून जा. खाली जे ऐंशी-नव्वद एमएल दाट डिकॉक्शन जमेल ते दोन ड्रिंकना पुरतं. पावडर घेताना पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) किती ते वाचा. दुधाच्या कॉफीला चिकोरी मजा आणते, दाटपणा येतो, रंग येतो, पण बिनदुधाच्या कॉकटेलमध्ये तिची जळकी कडवट चव एकटीच पुढे येते. शक्यतो प्युअर कॉफी घ्या, किंवा ८०-२० चालेल. ५३-४७ असं लिहिलेलं पाकीट सकाळच्या कपासाठी ठेवा.

दुसरा रस्ता कोल्ड ब्रूचा आणि यात तर गॅससुद्धा पेटवायचा नाही. १०० ग्रॅम कॉफी पावडर, जरा जाडसर मिळाली तर उत्तम, अर्धा लिटर पिण्याच्या पाण्यात कालवायची, झाकून फ्रीजमध्ये १४ ते १६ तास. मग गाळायची. गाळणीतून गाळ खाली येतोच, म्हणून श्रीखंडासाठी चक्का ज्या कापडात टांगतो ते कापड दुहेरी करून गाळणीवर टाका. पिळू मात्र नका, पिळलं की बारीक चोथा उतरतो आणि सगळं गढूळ होतं, आपणहून जेवढं गळेल तेवढं घ्यायचं. पावडर स्वतः बरंच पाणी पिऊन बसते त्यामुळे अर्ध्या लिटरचे तीनशेच्या आसपास एमएल मिळतील, ते काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये चार-पाच दिवस मस्त राहतं. चव गुळगुळीत, आंबटपणा कमी, कडूपणाही कमी. एकच तोटा, याचा फेस गरम काढलेल्या ताज्या कॉफीएवढा होत नाही.

तिसरा रस्ता इन्स्टंट. नाकं मुरडू नका, कॉकटेलमध्ये इन्स्टंट फार प्रामाणिकपणे काम करते आणि फेसाच्या बाबतीत तर बाकी दोघींना मागे टाकते. दोन सपाट टीस्पून कॉफी, ४० एमएल गरम पाणी, ढवळलं की झालं. इथेही पाकीट वाचा, काही इन्स्टंटमध्ये चिकोरी तीस टक्के किंवा जास्त असते, काहींमध्ये अजिबात नसते.

कुठलाही रस्ता धरा, कॉफी बरणीत जाण्याआधी थंड पाहिजे. गरम कॉफी बर्फावर ओतली की अर्धा बर्फ जागच्या जागी वितळतो आणि ड्रिंक पाणचट होतं. घाई असेल तर कॉफीची स्टीलची वाटी थंड पाण्याच्या ताटलीत ठेवा, पाचेक मिनिटांत कोमट, मग दहा मिनिटं फ्रीजर. पण ताजी कॉफीच घ्या, सकाळचं उरलेलं डिकॉक्शन संध्याकाळी वापरलं तर फेस मरतो. कडू वाटली तर चिमटीच्याही चिमटीएवढं मीठ टाका, कडूपणा दबतो आणि मीठ कळतही नाही.

पाक आणि घरची कॉफी लिकर

साखर थंड ड्रिंकमध्ये विरघळत नाही, तळाशी कचकच राहते, म्हणून पाक करून ठेवायचा. पाक म्हटल्यावर आपला हात आपोआप एकतारीकडे जातो, तसा इथे नको. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळली की लगेच गॅस बंद. तार आली तर बर्फाला लागून तो गोळा होतो. गार करून बाटलीत, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. यातच गरम असताना जायफळ किसून टाकलं तर आपल्या घरच्या जायफळाच्या कॉफीचा वास येतो, आणि हा पाक मग सगळीकडे वापरा.

कॉफी लिकर म्हणजे कॉफीच्या चवीची गोड दारू, तिची इम्पोर्टेड बाटली महाग पडते. गोव्यात आता देशी कॉफी लिकरही बनतात, कोणी तिकडून येत असेल तर सांगून ठेवा. नाहीतर घरी करा, आणि प्रमाण मी मुद्दाम एका क्वार्टरला बसवलंय म्हणजे खंबा फोडायला नको. १५० ग्रॅम साखर (अर्धी साखर, अर्धा काळा गूळ घेतला तर अजून छान, रमशी गुळाचं जमतंच, शेवटी दोघंही उसाचेच), १५० एमएल पाणी, गरम करून विरघळवा, गूळ असेल तर गाळून घ्या कारण गुळात काय काय निघतं ते सगळ्यांना माहितीये. गॅस बंद करून तीन टेबलस्पून चिकोरी नसलेली इन्स्टंट कॉफी ढवळा. पूर्ण गार होऊ द्या, पूर्ण म्हणजे पूर्ण, मग एक टीस्पून व्हॅनिला इसेन्स आणि १८० एमएल रम किंवा व्होडका. गरम पाकात दारू ओतली तर वास आणि अल्कोहोल दोन्ही हवेत जातं, आणि गॅस चालू असेल तर पेटूही शकतं. आपल्याकडची रम-व्होडका ४२.८ टक्क्यांची असते, त्या हिशोबाने ही लिकर साधारण १८ टक्क्यांची होते, म्हणजे विकतच्या लिकरच्या आसपासच. दोन दिवस मुरू द्या. फ्रीजमध्ये दोन महिने बिनधास्त.

एस्प्रेसो मार्टिनी, बरणीतली

हे लंडनचं अपत्य. डिक ब्रॅडसेल नावाच्या बारटेंडरने १९८०च्या दशकात सोहो भागात बनवलं, तेव्हा नाव होतं व्होडका एस्प्रेसो, मार्टिनी नंतर चिकटलं. खऱ्या मार्टिनीशी नातं एवढंच की ग्लास त्या आकाराचा.

आधी ग्लास फ्रीजरमध्ये. उंच दांडीचा नसला तर नसू दे, छोटा स्टीलचा पेला या कामाला जास्त चांगला, पाच मिनिटांत बर्फगार होतो. बरणीत ४५ एमएल व्होडका, ४० एमएल थंड दाट कॉफी, २० एमएल लिकर, १० एमएल पाक. आता बर्फ, दोन तृतीयांश बरणी भरेल एवढा, कंजूषपणा नको. लोकांना वाटतं बर्फ जास्त टाकला की ड्रिंक पाणचट होईल, होतं उलटंच, थोडा बर्फ भराभर वितळतो, भरपूर बर्फ एकमेकांना थंड ठेवतो. ट्रेमधून काढून बाहेर ठेवलेला ओला बर्फ वापरू नका, फ्रीजरमधून थेट बरणीत.

झाकण घट्ट, वरून एक हात झाकणावर, एक तळाला, फडक्यात गुंडाळून. आणि आता दया न दाखवता हलवायचं, पंधरा सेकंद, बर्फाचा खडखडाट शेजाऱ्यांना ऐकू गेला पाहिजे. हळूहळू घुसळत बसलात तर ड्रिंक थंड होईल पण फेस येणार नाही, हवा आत कोंडली जायला जोर लागतो. बरणीला बाहेरून दव आलं आणि हात बधिर व्हायला लागला की बास. लगेच, एका झटक्यात, गाळणीतून ग्लासात ओता, उशीर केला तर फेस बरणीच्या कडेलाच चिकटून राहतो. शेवटचा जाड फेस गाळणीवर अडेल तो चमच्याने तळाला टकटक करून खाली पाडा. आता अर्धा मिनिट हात लावू नका. आधी सगळा ग्लास तांबूस गढूळ दिसतो, मग खालून काळा रंग वर चढत जातो आणि वर बोटभर बदामी थर स्वतंत्र उभा राहतो. तो थर आला की समजा जमलं.

नाही आला तर? कॉफी शिळी, नाहीतर हलवणं अर्धवट, नाहीतर कोल्ड ब्रू वापरलीत. कोल्ड ब्रूच वापरायची असेल तर बरणीत पाव टीस्पून इन्स्टंट टाका, फेसाचं काम ती करून टाकते. बारमध्ये वर ठेवतात त्या तीन कॉफीबिया घरी कुणाकडे नसतात, जायफळाचा एक हलका किस पुरे.

ऑफिसच्या पार्टीला घरी सहा जण येणार असतील तर दुपारीच रिकाम्या ७५० एमएलच्या बाटलीत २७० व्होडका, २४० कॉफी, १२० लिकर, ६० पाक मिसळून फ्रीजमध्ये ठेवा, ६९० एमएल होतं, बरोबर बसतं. रात्री दोन-दोन ग्लासांचं, म्हणजे २३० एमएल, बर्फाबरोबर हलवा. एकदम सहांचं हलवायला गेलात तर बरणीत हवेला जागाच राहत नाही.

आयरिश कॉफी, साय घातलेली

पावसाळ्यात हीच. १९४०च्या दशकात आयर्लंडमधल्या फॉइन्स इथे, जिथे समुद्रावर उतरणारी विमानं यायची, तिथल्या जो शेरिडन नावाच्या शेफने थंडीने काकडलेल्या प्रवाशांसाठी केली असं सांगतात. पुढे १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युएना व्हिस्टा कॅफेत तिची नक्कल करायला घेतली तर क्रीम काही तरंगेना, त्यांचा तिथेच सगळा घोळ झाला. तुमचाही तिथेच होईल म्हणून नीट वाचा.

टेट्रापॅकमधलं नेहमीचं क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, ते केकसारखं फुलत नाही आणि इथे तेवढं फुलवायचंही नाही. पॅक रात्रभर फ्रीजमध्ये उभा ठेवा, न हलवता उघडा, वरचा घट्ट भाग काढून घ्या, खालचं पाणी भाजीत वापरा. घट्ट भाग छोट्या बरणीत घालून अर्धा-एक मिनिट हलवा, ओतताना चमच्यावरून जाड धारेत पडलं पाहिजे, गोळा पडला तर जास्त झालं. क्रीम नसेल तर घरची साय, पण त्याच दिवसाची, तुपासाठी आठवडाभर साठवून विरजण लावलेली नाही, नाहीतर आंबट वास येतो. तीन टेबलस्पून थंड साय, एक टेबलस्पून थंड दूध, गाळणीतून दाबून काढा म्हणजे गुठळ्या जातात, मग तसंच हलवा.

काचेच्या ग्लासात स्टीलचा चमचा उभा ठेवून गरम पाणी भरा, मिनिटभराने ओतून टाका, म्हणजे ग्लास गरम होतो आणि तडकत नाही. दोन टीस्पून ब्राऊन शुगर, १२० एमएल गरम कॉफी. ही कॉफी नेहमीच्या काळ्या कॉफीपेक्षा थोडी कडक, पण डिकॉक्शनएवढी नाही, ५०-६० डिकॉक्शनमध्ये बाकी गरम पाणी घातलं की बरोबर. साखर पूर्ण विरघळवा, मग ४५ एमएल व्हिस्की. आयरिश असेल तर मऊ लागते, पण देशी चालते, धुराच्या वासाची स्कॉच मात्र यात वाया घालवू नका. मग चमचा उलटा, टोक कॉफीला जेमतेम टेकलेलं, आणि त्याच्या पाठीवरून क्रीम हळूहळू.

साखर टाळून ही होत नाही बरं का. दारूमुळे कॉफी हलकी होते आणि क्रीम बुडतं, साखर घातली की कॉफी जड होते आणि क्रीम वर बसतं. डाएटवाल्यांनी दुसरं काहीतरी प्यावं. आणि वरून ढवळू नका, थंड क्रीममधून गरम कॉफी ओठाला लागते यातच सगळी मजा आहे.

रम आणि फेटलेली कॉफी

हे सगळ्यात सोपं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये डालगोना नावाने जे जगभर पसरलं ते आपल्याकडे लोक पूर्वीपासून कपात चमच्याने फेटतच होते. दोन टीस्पून इन्स्टंट, दोन टीस्पून साखर, दोन टीस्पून गरम पाणी, काट्याने किंवा चमच्याने फेटत राहा, आधी काळपट, मग तपकिरी, मग बिस्किटाच्या रंगाचं आणि चमचा उचलला तर टोक उभं राहील असं. फिल्टरच्या पावडरीने हे होत नाही, उगाच हात दुखवून घेऊ नका. उंच ग्लासात बर्फ, ४५ एमएल ओल्ड मंक किंवा कुठलीही डार्क रम, १०० एमएल थंडगार दूध, ढवळून वर ही फेटलेली कॉफी आणि जायफळ. जायफळाने झोप येते म्हणतात, कॉफीने जाते, रम मध्ये उभी, तिघांनी आपसात काय ते ठरवावं. दूध नक्की थंड असू द्या आणि यात लिंबू-संत्र्याचं काही टाकू नका, फाटतं.

उरलेले दोन पटकन. उन्हाळ्यात ग्लासभर बर्फ, ४५ जिन, १२० टॉनिक वॉटर आणि सगळ्यात शेवटी ३० एमएल कोल्ड ब्रू, चमच्यावरून सावकाश. क्रम उलटा केला, म्हणजे कॉफीवर टॉनिक ओतलं, तर फेस ग्लासाबाहेर येऊन ओट्यावर जातो. यात डिकॉक्शन नको, टॉनिकचा कडूपणा आणि तिचा कडूपणा एकमेकांच्या अंगावर येतात.

आणि गोव्याहून माडाची फेणी आणलेली असेल, जी कुणालाच संपत नाही, तर ३० एमएल फेणी, ४० एमएल डिकॉक्शन, ४५ एमएल नारळाचं पहिलं घट्ट दूध, १५ एमएल गुळाचा पाक, बर्फात जोरात हलवून गाळा. काजूची फेणीही चालेल पण तिचा वास कॉफीला ऐकत नाही, २० एमएलवर थांबा. नारळाचं दूध ताजं काढलेलं हवं, पावडरीचं घेतलं तर खाली पीठ बसतं.

किती प्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, फक्त एक गोष्ट खरी आहे, कॉफीमुळे दारू उतरत नाही, ती चढल्याचं फक्त कळत नाही. त्यामुळे मी ठीक आहे म्हणत गाडीची किल्ली उचलणाऱ्याला यादिवशी जास्त आवरावं लागतं. आणि रात्री अकरानंतर करणार असाल तर डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली इन्स्टंट मिळते, फेस तसाच येतो. दारू न पिणारे घरात असतील तर एस्प्रेसो मार्टिनीमधली व्होडका आणि लिकर काढून ६० एमएल कॉफी, २० एमएल पाक, दोन थेंब व्हॅनिला, ३० एमएल थंड पाणी, बाकी हलवणं तेच पंधरा सेकंदांचं, पेला तोच गारेगार, वर जायफळ.